वाटसरूचा दगड

पन्नासेक वर्षांपूर्वी एक कवी चामोर्शीपलीकडच्या जंगलात, वनखात्याच्या विश्रामगृहात काही आठवडे राहून गेला. पोट बिघडलं म्हणून लवकर परतला, असं गावात सांगतात. संग्रहाच्या प्रस्तावनेत मात्र अरण्यानंच त्याला निरोप दिला आहे. संग्रहात धुकं आहे, मोह आहे, पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया आहेत. वाघही आहे. तो लांबून डरकाळी फोडतो आणि कवीला फार एकटं वाटतं.

त्या कवितांच्या जोरावर आता तिथं पायी सहल निघते. पुण्या-नागपूरची माणसं टोप्या घालून येतात, नाल्याकाठानं चालतात, सावली बघून थांबतात आणि आळीपाळीनं कविता वाचतात. सहल काढणारा अश्विन ब्रह्मपुरीचा, मराठीत एम.ए., नेट पास, आणि अर्थातच बेकार. पुढे काठी घेऊन चालायला त्यानं बेलटोल्याचा कोलू मडावी ठेवला.

हे काम कोलूनं स्वतः येऊन मागितलं होतं. बायकोला वाघानं मारलं तो माणूस जंगलात जायचं काम मागतो, याचं अश्विनला नवल वाटलं. ती कुठे मेली, हे त्यानं विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

मंगली मेली ती त्या नाल्याकाठीच, मोहाखाली वाकलेली असताना. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, असं वनखात्यानं नंतर गावात येऊन समजावलं. मोहफुलं उभ्यानं कशी वेचायची, तेवढं समजवायचं राहिलं.

बेलटोल्यात अशा मरणाची एक रीत आहे. वाघानं जिथं माणूस मारलं, तिथून जाणाऱ्यानं एक दगड नाहीतर हिरवी फांदी टाकायची आणि थांबायचं नाही. ढीग वाढत राहिला की मेलेलं माणूस शांत राहतं. वाढ थांबली की ते सोबतीला कुणाला तरी बोलावतं. घरच्यांचा दगड यात धरत नाहीत. दगड वाटसरूचा लागतो.

आणि वाटसरूच उरले नाहीत. मंगलीनंतर वनखात्यानं जंगलाचा तो भाग गावकऱ्यांना बंद केला. सहलीला परवानगी होती. सोबत वनरक्षक असे. म्हणजे मोह वेचायला बंदी होती, मोहावरच्या कविता वाचायला नव्हती. कोलूला काम का हवं होतं, ते एवढंच.

पहिल्याच सहलीत नंदिनीताई नावाच्या निवृत्त प्राध्यापिका ढिगापाशी थबकल्या. तेव्हा तो गुडघ्याएवढाही नव्हता.

"हे काय आहे हो, कोलूभाऊ?"

कोलूनं जरा वेळ नाल्याकडे पाहिलं. "कवीसायबाची जागा हाय जी. इथी बसून लिवत होते. जो येते तो एक गोटा ठेवते."

"अगं बाई. म्हणजे आदरांजली."

"हव जी."

ताईंनी चांगला गुळगुळीत दगड शोधून आणला, डोळे मिटले आणि ठेवला. मागच्यांनीही ठेवले. अश्विननं ही माहिती पुढच्या सहलीच्या जाहिरातीत घातली. आपल्या एम.ए.च्या अभ्यासात ही जागा कशी सुटली, एवढंच त्याला वाटलं. दोन हंगामांत ढीग कमरेला लागला. कोलूला झोप लागू लागली.

त्याची मुलगी दीपिका चामोर्शीला नर्सिंग शिकते. मैत्रिणीच्या मोबाईलवर तिला तो ढीग दिसला. खाली लिहिलं होतं, 'कवीच्या चरणी'. ती पुढच्याच जीपनं घरी आली.

"बाबा, हे मायची जागा व्हय ना?"

"व्हय."

"मंग त्या बुढ्याचं नाव काऊन घेऊन राह्यले लोकं?"

"घेऊ दे ना. गोटे तं पडून राह्यले."

"त्याले पडून राह्यले. मायले नाई."

हे कोलूच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. पण दुसऱ्यानं म्हटल्यावर ते डोक्यातून जाईना. तो गावची पूजा बघणाऱ्या म्हाताऱ्या झाडूकडे गेला. झाडूनं सगळं ऐकून घेतलं, तोंडातला खर्रा थुंकला.

"एस्टीत दुसऱ्याच्या नावानं रुमाल टाकला, तं जागा तुले भेटन का?"

"नाई."

"मंग?"

पुढच्या सहलीत ढिगापाशी बोर्ड लागणार होता: 'कवीचा विसावा'. बोर्ड घेऊन चालतानाच कोलूनं अश्विनला खरं काय ते सांगितलं. अश्विननं बोर्ड खाली ठेवला.

"हे मले पह्यले काऊन नाई सांगतलं, भाऊ?"

"तुम्ही वाट बदलली असती."

"बदललीच असती. लोकं सुट्टीवर येते. मेलेल्या माणसापाशी कोण आणन त्याइले?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आजच्या दिवस गप राहा. पुढं पाहू आपण."

त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. खरं सांगितलं तर कुणी येणार नाही. नाही सांगितलं तर सगळे येतील, आणि मंगलीला काही मिळणार नाही.

नंदिनीताई त्या वेळी दुसऱ्यांदा आल्या होत्या. त्यांनी पर्समधून पुण्याहून आणलेला दगड काढला. कोलू त्यांच्या आणि ढिगाच्या मधे उभा राहिला.

"इथी कवी नाई बसला कधी," तो म्हणाला. "म्या खोटं सांगतलं. इथी माही बायको मेली, वाघानं. मंगली तिचं नाव. ठेवाचा असन तं तिच्या नावानं ठेवा."

वनरक्षक झाडांची पाहणी करू लागला. मग मागून एकानं हळूच विचारलं, "वाघ आहे का अजून इकडे?"

"तो पकडला तेव्हाच," अश्विन घाईनं म्हणाला.

"पकडला," कोलू म्हणाला. "त्याची माय हाय."

तरीही त्यांनी दगड ठेवले. एकेकानं पुढं येऊन "मंगली" म्हटलं, जरा पुस्तकी उच्चारात, पण म्हटलं. ताई रडल्या. एकानं सगळं मोबाईलवर टिपलं आणि रेंज येताच जगाला दाखवलं.

जगाला ते आवडलं. वनखात्याला नाही. वाघ माणूस मारतो तिथं पर्यटक कुणी नेले, अशी विचारणा झाली आणि परवानगी रद्द झाली. सहल आता विश्रामगृहामागच्या तलावाभोवती फिरते. कवी तिथं खरोखरच बसला असण्याची शक्यता आहे, कारण संडास तिकडेच होता. तिथं वाघ नाही, त्यामुळे पुढे काठी घेऊन चालणाराही लागत नाही.

नाल्याकडे जायची मुभा राहिली ती कुलदीपला. तो वनखात्याचा रोजंदारीवरचा पहारेकरी. त्याची गस्त त्या बाजूला होती. कोलूनं त्याला गाठून मंगलीच्या नावानं दगड ठेवायची गळ घातली, आणि कुलदीप लगेच हो म्हणाला.

पावसाळ्यानंतर कुलदीपची गस्त बदलून लांब मुलचेऱ्याकडे गेली. कोलूला हे ठाऊक आहे. कुलदीपची पेटी त्यानंच सायकलवर जीपपर्यंत पोचवली. तरी चामोर्शीच्या बाजारात कुलदीप दिसला की तो मिरच्यांच्या ढिगाऱ्यांतून वाट काढत त्याच्यापाशी जातो.

"ठेवला का गा?"

"ठेवला ना, भाऊ."

"नाव घेतलं?"

"घेतलं."

"केवढा झाला आता?"

कुलदीप हात छातीशी नेतो. "एवढा."

"बरं," कोलू म्हणतो, आणि त्याच्या हाताकडे जरा वेळ बघत राहतो.