बैलांच्या चालीचं इंजिन

बारामतीच्या झुंबर मिस्त्रींचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. काटेवाडीचा यशराज आजोबांची जुनी फियाट घेऊन आला आणि म्हणाला, “तात्या, असं इंजिन बनवा की हायवेवर कुणी पुढं जाता कामा नये.”

मिस्त्री खेकसले, “पळंल रं! पळवायला काय अक्कल लागती? उसाच्या सीझनमधी माळेगावला कशी न्हेशील, ते सांग.”

तीन महिने खपून त्यांनी जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, रेडिएटरही मोठा घातला. इंदापूरच्या रस्त्यावर गाडी अशी सुटली की यशराज हरखून गेला. परतताना मिस्त्रींनी मुद्दाम गाडी माळेगावच्या कारखान्याकडं घातली, थेट उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत. भर उन्हात तासभर बैलांच्या चालीनं जाऊनही इंजिन तापलं नाही.

फाटकाजवळ रांग थांबली. पुढच्या बैलगाडीवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं, जरा कान दिला. “काय वं मिस्त्री, बंद पडली का गाडी? बैलं जुंपू का म्होरं?”

इंजिन चालूच होतं.

तीन महिन्यांत पहिल्यांदाच मिस्त्री हसले आणि यशराजला म्हणाले, “आता घिऊन जा.”