कर्नलमधून बाहेर काढलेलं काम

हातकणंगल्याची संघप्रिया कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका छोट्या कंपनीत लागली, तेव्हा तिला साध्या प्रोग्रामची सवय होती. डिप्लोमा झाल्यावर तिनं डेअऱ्यांसाठी दुधाच्या बिलांचे प्रोग्राम लिहिले होते. त्यातला एखादा बंद पडला, तर डेअरीवाला तो पुन्हा उघडायचा आणि कामाला लागायचा.

नव्या कंपनीतलं काम तसं नव्हतं. कंपनीचे गिऱ्हाईक असलेल्या हुपरीच्या बाळासोंच्या घरी चांदीच्या तारेची पैंजणाची साखळी विणणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन होतं. तार तुटली की मोटर तत्क्षणी थांबायला हवी. साधा प्रोग्राम कॉम्प्युटरवर आपली पाळी येईपर्यंत ताटकळायचा, तोवर तारेचा गुंता व्हायचा. म्हणून हे काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, करायचं ठरलं. तिथं बसवायच्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. तार तुटल्याची सेन्सरची खबर त्याला लगेच लागते. पण तो चुकला तर एकटाच बंद पडत नाही, अख्खा कॉम्प्युटर थिजवतो.

हे शिकवणारं तिला कोल्हापुरात कुणी भेटलं नाही. कंपनीतला जुना कॉम्प्युटर टेबलावर घेऊन, तो बंद पाडत आणि पुन्हा चालू करत ती आपली आपण शिकली. मॉड्यूल चाललं. मालक पृथ्वीराज इतके खूश झाले, की साखळीच्या डिझाइनची फाइल वाचण्यासकट सगळंच कर्नलच्या आत घाल, वेग मिळेल, असं म्हणाले. तिला पटलं नव्हतं, तरी तिनं घातलं.

एका सकाळी मशीनला अर्धवट कॉपी झालेली फाइल मिळाली. मॉड्यूल कोसळलं, स्क्रीन गोठला आणि मोटर फिरतच राहिली. बाळासोंच्या आई शेवंताबाई तार सरळ करत होत्या. तारेचा फास त्यांच्या बांगडीला बसला. बाळासोंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. मनगटावर वळ उठला, तेवढ्यावर निभावलं.

संघप्रिया दुपारीच हुपरीला पोचली. चूक आपल्या मॉड्यूलची होती, हे तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. शेवंताबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, आता मी त्या मशीनला हात लावायची न्हाय."

फाइल तपासायची एक अट घाल आणि विषय मिटव, असं पृथ्वीराजांचं म्हणणं पडलं. मशीन बंद होतं, त्यामुळं वेळही कमी होता. आजवर मालकापुढं मान हलवणारी संघप्रिया या वेळी हलली नाही.

"सर, उद्या दुसरं काहीतरी चुकेल. फाइल वाचायला कर्नलमध्ये जायची गरजच नाही. जे बंद पडू शकतं, ते कर्नलच्या बाहेर बंद पडू दे."

पृथ्वीराज 'कर' म्हणाले.

मेहनतीनं लिहिलेलं आपलंच काम तिनं काढून टाकलं. फाइल, डिझाइन, विणीच्या टाक्यांचा हिशेब हे सगळं साध्या प्रोग्राममध्ये गेलं. मॉड्यूलमध्ये राहिलं ते एवढंच: तार तुटली किंवा बाहेरचा प्रोग्राम गप्प झाला, की मोटर थांबव. कॉम्प्युटरच थिजला तर मोटरची वीज आपोआप तुटेल, अशी सोय तिनं मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डावरही करून घेतली.

हुपरीत सगळ्यांसमोर तिनं मुद्दाम तीच बिघडलेली फाइल दिली. प्रोग्राम बंद पडला, मोटर जागच्या जागी थांबली, कॉम्प्युटर मात्र चालूच होता. तिनं प्रोग्राम पुन्हा उघडला. बाळासोंचं समाधान झालं नाही.

"परत एकदा दाव की, ताई."

तिनं परत दाखवलं. मग कॉम्प्युटरच थिजवून दाखवला. तरीही मोटर थांबली.

शेवंताबाई दारातून बघत होत्या. त्या आत आल्या, पाट ओढून मशीनपाशी बसल्या आणि तारेचं टोक हातात घेतलं. सुनेला त्यांनी तिथूनच सांगितलं, पावणीला जेवल्याबिगर सोडू नको.

संघप्रिया जेवली, आणि मिळाली त्या एसटीनं घरी गेली.