उट्रेख्त दाखवणारे आम्ही तिघं

आम्ही तिघं नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात गाईड आहोत. टूर संपली की कालव्याकाठी कॉफी घेत बसतो, आणि एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला नवा आठवतो. समीर मूळचा साताऱ्याचा. आठवडाभर आइंडहोवनला इंजिनियर, वीकेंडला गाईड. योके इथलीच, निवृत्त शिक्षिका, वय सत्तर. आणि मी! नवऱ्याच्या व्हिसावर इथल्या बेस्ट नावाच्या गावी आले, आता बायकोबरोबर जवळच्याच न्यूनेन गावात राहते.

आमच्या वेबसाइटची पहिली ओळ आहे: ‘दोन पुरुष असा की दोन बायका, बिनधास्त हात धरून फिरा.’ ती काढा म्हणणारे पुष्कळ भेटले. ओळ जागच्या जागी आहे.

*

एकदा लायडस्खेनडाम गावाहून एका मराठी काकांचा फोन.

“तुमच्या टूरमध्ये नॉर्मल लोक चालतात का हो?”

“चालतात की काका! आम्ही भेदभाव करत नाही.”

आले. सहकुटुंब!

*

समीरच्या ग्रुपमध्ये पुण्याच्या एक काकू होत्या. वेबसाइट मुलाने पाहिलेली, त्यांनी नाही.

“इतका देखणा तू, लग्न का नाही केलंस?”

“केलंय काकू. त्याला आज ऑफिस आहे.”

काकूंनी अख्खा पूल ओलांडला. मग हळूच म्हणाल्या, “सासूशी पटतं का रे?”

*

योकेच्या टूरला दोन मुली हातात हात घालून चालल्या होत्या. मोपेडवरून एकजण घाणेरडी शिवी देऊन गेला आणि पुढच्याच सिग्नलला अडकला. मुलींनी हात सोडले.

योके तडक त्याच्यासमोर. अस्सल वर्गातला आवाज!

“हेल्मेट कुठाय?”

“वि... विसरलो, बाई.”

“त्या दोघींना सॉरी म्हण.”

म्हणाला हो!

मग योके मुलींकडे वळली. “आता तुम्ही. धरा हात!”

*

माझी आई दोन वर्षं नातेवाइकांना सांगायची, “ती चर्च दाखवते.” परवा व्हिडिओ कॉलवर आत्याने टोचलंच, “तसल्या लोकांना फिरवते म्हणे?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, “हो, तसल्यांनाच. माझीही तसलीच आहे. बोल पुढे!”

आत्याचं नेटवर्क गेलं.

*

भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांची एक टूर मी केली. टूर ठरवणाऱ्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, “कॅथीड्रलच्या चौकातला तो दगड नको. ज्येष्ठ मंडळी आहेत.”

मी नेमकी तिथेच थांबले. फरसबंदीतला तो दगड दाखवून सांगितलं, “पुरुषाचं पुरुषावर प्रेम, एवढ्यावरून काही शतकांपूर्वी या गावात माणसं मारली. त्यांची ही आठवण.”

“चला, चला, जेवणाला उशीर होतोय!” सेक्रेटरी ओरडले. बरेचजण निघाले.

सांगलीचे एक आजोबा मात्र हलेनात. ऐंशीच्या पुढचे. त्यांनी काठी बायकोच्या हातात दिली, चपला काढल्या आणि दगडापाशी उभे राहिले.

“यावर नावं आहेत का त्यांची?”

“नाहीत, आजोबा.”

त्यांनी दगडाला हात जोडले. मग पुटपुटले, “एक नाव मी सांगतो. वसंत. माझा, लग्नाआधीचा.”

आजी शेजारीच होत्या. त्यांनी काठी काखेत धरली, आजोबांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “मोठ्याने सांगा.”