साडूंचं नवं मंत्रिमंडळ

निवडून आल्याचा इतका त्रास दुसऱ्यांना देणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. इथे आखातात, रास अल खोरच्या गोदामात ते एसीचे सुटे भाग सांभाळतात आणि इंटरनॅशनल सिटीत राहतात, पण त्यांचं खरं वास्तव्य आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदावर असतं. यंदा ते दुसऱ्यांदा निवडून आले, म्हणजे दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही. त्यांनी मात्र त्याला ‘जनादेश’ म्हटलं. कार्यकारिणीला ते मंत्रिमंडळ म्हणतात, कामांना खाती. गणपतीच्या आरतीनंतर कोणी प्रसाद वाटायचा यालाही त्यांच्याकडे राज्यमंत्री असतो. चौदा वर्षांचा मुलगा एकदा म्हणाला, “डॅड, इट्स जस्ट अ क्लब,” तर त्यालाच तासभर लोकशाही समजावून सांगितली. शेवटी आमची मेहुणी स्वयंपाकघरातून म्हणाली, “खातेबदल करायचाच असेल तर घरापासून करा. भांड्यांचं खातं रिकामं आहे.”

निकालानंतरच्या शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं आणि भिंतीला तक्ता चिकटवला. उत्तम गाणाऱ्या डॉक्टरीणबाई पार्किंगवर गेल्या. ज्यांना चहासुद्धा करता येत नाही असे एक बँकवाले भोजनमंत्री झाले. दिवाळी अंकाचा संपादक होतो मी, मला खुर्च्या दिल्या. “ताज्या नजरेची गरज आहे,” साडू म्हणाले. खुर्च्यांकडे ताज्या नजरेने कसं बघतात हे मी विचारणार होतो, तेवढ्यात त्यांनी शेवटचं नाव वाचलं. सरचिटणीस दळवी यांना वगळण्यात येत आहे.

दळवी म्हणजे मंडळाचा कणा. हॉल मिळवण्यापासून नव्याने आलेल्या कुटुंबाला डॉक्टर शोधून देण्यापर्यंत सगळं तेच करायचे. “कारण?” मी विचारलं. “कामात शैथिल्य,” साडू तक्त्याकडे बघत म्हणाले, “विषय खलास.” दळवी खाली मान घालून बसले होते.

दोन आठवडे अख्ख्या मंडळाने साडूंना शिव्या घातल्या. मी तर बोलणंच टाकलं आणि सामुदायिक राजीनाम्याचा मसुदा घेऊन दळवींच्या घरी सही मागायला गेलो. हॉलमध्ये खोकी बांधून ठेवलेली होती.

“नोकरी गेली,” दळवी शांतपणे म्हणाले. “मुलीची परीक्षा संपली की पुण्याला परत. राजीनामा दिला असता तर प्रत्येकाने कारण विचारलं असतं, घरी येऊन कीव केली असती. मी तुमच्या साडूंना म्हटलं, काहीतरी करा. ते म्हणाले, मग मी तुम्हाला काढूनच टाकतो. काढलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. लोक काढणाऱ्याच्या मागे लागतात.”

मी मसुदा खिशातच ठेवला आणि तसाच साडूंकडे गेलो. ते जमिनीवर बसून कुठल्याशा उपसमितीचा आराखडा काढत होते. “मला तरी सांगायचं होतंत,” मी म्हणालो.

“तुम्हाला सांगितलं की तुमच्या बायकोला कळणार. ती माझी मेहुणी आहे, माहिती आणि प्रसारण खातं जन्मापासून तिच्याकडे आहे.” मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, “शैथिल्य हा शब्द जरा जास्त झाला का हो? मला दुसरा सुचला नाही.”

मला वाटलं, आता तरी मला अंक परत मिळेल. तसं काही झालं नाही. खुर्च्या अजून माझ्याकडेच आहेत, बँकवाल्यांनी संक्रांतीला गूळपोळ्या जाळल्या आणि साडूंचा तोरा तसूभरही कमी झालेला नाही. दळवी गेले त्याला आता बरेच महिने झाले. मंडळाची पत्रकं साडू स्वतःच लिहितात. त्यात चुका भरपूर असतात आणि खाली ‘सरचिटणीस’ या शब्दावर सहीची जागा कोरी असते. कुणी विचारलंच तर म्हणतात, “योग्य माणूस मिळाला की भरू, इन्शाल्ला.”

योग्य माणूस पुण्यात आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.