तिसऱ्या ड्रमची झडप

रुग्णालयात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. ती ‘वाफवाल्या ताई’. ऑपरेशन थिएटरच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, खिडकी एकच आणि तीही पार छताजवळ. तिथे वाफेचं मोठं यंत्र आहे. थिएटरात लागणारे कपडे, गॉज, कापसाचे बोळे स्टीलच्या गोल ड्रममध्ये भरायचे आणि त्या यंत्रात घालून निर्जंतुक करून द्यायचे, हे तिचं काम. अकरा वर्षं ती ते कंत्राटावर करत होती. दरवर्षी कंत्राट संपायचं, आठ दिवस जिवाला घोर लागायचा, मग नवा कागद यायचा.

धीट म्हणावी अशी ती कधीच नव्हती. लिफ्टची भीती वाटते म्हणून चार मजले चढून यायची. मोठे सर्जन समोरून येताना दिसले की नोटीस बोर्डाकडे तोंड करून उभी राहायची, त्यामुळे रुग्णालयातल्या सगळ्या नोटिसा तिला तोंडपाठ होत्या. नवरा रंगारी. तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडला, पाठ गेली, तेव्हापासून घरी. स्वयंपाक तोच करायचा आणि येता-जाता चेष्टाही. “आमची ही झुरळाला पण ‘अहो’ म्हणते,” असं तो शेजाऱ्यांना सांगे. घरात येणारा पगार तिचा एकटीचा होता.

त्या सोमवारी सकाळी ती तीन ड्रम भरून बसली होती. ड्रमच्या अंगाला भोकांची रांग असते आणि त्यावर एक सरकती झडप. यंत्रात घालण्याआधी झडप उघडायची, म्हणजे वाफ आत शिरते. बाहेर काढल्याबरोबर बंद करायची, म्हणजे हवा शिरत नाही. वरून एक चिकटपट्टी लावतात, वाफ लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. वाफ आतपर्यंत पोचली का ते सांगणाऱ्या, आत ठेवायच्या पट्ट्या वेगळ्या असतात, पण त्या दोन महिन्यांपासून संपल्या होत्या आणि मागणीचा कागद कुणाच्या तरी टेबलावर आराम करत होता.

झडपा उघडायला हात लावला तेवढ्यात मेट्रनबाई दारात आल्या.

“ताई, हातातलं टाका आणि चला. कायम करायच्या यादीत तुमचं नाव आलंय. फाइल बारा वाजता वर जाणार, सह्या राहिल्यात.”

“माझं?”

“नाही, यंत्राचं. चला लवकर.”

तिने पाच ठिकाणी सह्या केल्या. परत आली ती तरंगतच. तिन्ही ड्रम यंत्रात ठेवले, दार आवळलं, बटण दाबलं. वाफ धरेपर्यंत ती स्टुलावर बसून नवऱ्याला कसं सांगायचं याची जुळणी करत होती. एकदम सांगायचं, की आधी थोडं रडवायचं त्याला.

यंत्र थांबलं. दार उघडते न उघडते तोच थिएटरची सिस्टर आली. “ताई, पेशंट टेबलावर आहे, सर कावलेत, द्या पटकन.” आणि झडपांवरून सवयीने हात फिरवत दोन ड्रम ट्रॉलीवर घालून गेलीसुद्धा. तिसरा ड्रम ताईंनी वहीतल्या नोंदी पुऱ्या करून मग स्वतः बाहेर काढला आणि सवयीने झडप लोटायला अंगठा लावला. झडप बंदच होती.

ती तशीच उभी राहिली. पट्टीवरच्या रेघा कुळकुळीत काळ्या. बाहेरून बघणाऱ्याला शंका यायचं कारण नाही. पण झडप बंद होती म्हणजे वाफ आत गेलेली नव्हती. कपडे गरम होणं वेगळं आणि त्यांना वाफ लागणं वेगळं, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणाला ठाऊक होतं?

मग आधीचे दोन? मेट्रनबाई आल्या तेव्हा आपण एक झडप उघडली होती, की दोन, की नुसता हातच लावला होता? तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. तिला फक्त ‘माझं?’ म्हटलेलं आठवत होतं. सिस्टरला विचारावं तर ती म्हणणार, घाईत हात फिरवला, आधी उघड्या होत्या की बंद, कुणी बघितलं?

दोन्ही उघडलेल्या असतीलही. बहुतेक असतीलच. तिसऱ्या ड्रमचे कपडे पुन्हा लावले तर झालंच की. कुणाला कळणार नव्हतं. बारा वाजता फाइल वर गेली असती.

हे सगळं मनात यायला मिनिटभर लागलं असेल. पुढे कधी बोलायची वेळ आली तेव्हा ते मिनिट तिने कधी लपवलं नाही. “मी एक मिनिट थांबले होते,” असंच सांगायची.

थिएटरच्या दारापाशी जमिनीवर लाल पट्टा आहे. तो ओलांडायची तिला परवानगी नाही. तिने पट्ट्याअलीकडे उभं राहून काचेवर बोटं वाजवली. आत कुणी पाहिना. मग तळहाताने वाजवली.

दार फटीएवढं उघडून सिस्टर म्हणाली, “ताई, वेड लागलंय का? चीर दिलीये.”

“सरांना सांगा, हात थांबवा. आत्ता आलेले दोन ड्रम वापरू नका. झडपा बंद राहिल्या असतील.”

आतून सर्जनचा आवाज आला. “राहिल्या असतील म्हणजे? राहिल्या की नाही?”

“माहीत नाही, सर. तिसऱ्याची राहिलीये. या दोघांचं मला आठवत नाही.”

“आठवत नाही?”

“नाही, सर. चूक माझी आहे.”

आत ट्रेमध्ये कात्री टाकल्याचा आवाज आला. मग सर्जन म्हणाले, “खालच्या थिएटरचा राखीव ड्रम आणा. सगळं बदला. गाउन, चादरी, सगळं. आणि त्यांना तिथून हलवा.”

चाळीस मिनिटं गेली. पोटावरचं सगळं काढून पुन्हा धुऊन पुसून, नवे कपडे घालून पित्ताशयाचं ऑपरेशन पुरं झालं. पेशंट चाळिशीचा शिंपी होता. त्याला जादा औषधं चालू केली.

मेट्रनबाई मात्र तिच्यावर उखडल्या होत्या. अहवालाचा कागद पुढे ठेवून म्हणाल्या, “आत ठेवायच्या पट्ट्या नव्हत्या, हे लिहा आधी. पट्ट्या असत्या तर कळलं असतं.”

“ते लिहिते की. पण झडप मी विसरले, तेही लिहिते.”

“अहो, दोन्ही कशाला? एकाने भागतंय.”

“बाई, पट्ट्या नव्हत्या म्हणून मी विसरले नाही ना.”

मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. फाइल बारा वाजता वर गेली, तिचा कागद तेवढा बाजूला ठेवून.

घरी तिने सरळ सांगून टाकलं. नवरा चमचा हातात धरून ऐकत राहिला. नेहमीसारखी चेष्टा सुचली नसावी. मग म्हणाला, “काच वाजवलीस? तू?”

“हो.”

“जेव आधी,” तो म्हणाला आणि तिच्या ताटात स्वतःच्या वाटणीचं वाढलं.

तिसऱ्या दिवशी शिंप्याला ताप भरला. ऑपरेशननंतर ताप येतो, पुष्कळांना येतो, कारण काहीही असू शकतं. त्याची बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, “एवढा वेळ का लागला हो त्या दिवशी? एका तासाचं म्हणाले होते.” जो तो म्हणे, “डॉक्टरांना विचारा.”

ताई दोनदा त्या बाकासमोरून गेल्या. त्यांची थोरली बहीण एका साध्या ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी गेली होती, दुसऱ्या कुठल्याशा रुग्णालयात. काय झालं ते कुणी सांगितलं नाही. वडील नंतर वर्षभर दर आठवड्याला तिथल्या चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारत. पुढे तिथला माणूस त्यांना लांबून पाहिलं की खिडकी लावून घ्यायला लागला. वडील तरी जात राहिले.

तिसऱ्या खेपेला ताई बाकाकडे न जाता सर्जनच्या खोलीशी गेल्या. नोटीस बोर्ड वाटेत होता, तो मागे टाकून.

“सर, त्या शिंप्याच्या बायकोला सांगायला हवं. तुम्ही सांगणार, की मी सांगू?”

सर्जननी चष्मा काढला. “ताप कशाचा आहे ते मलाही माहीत नाही अजून. काय सांगणार तुम्ही?”

“झालं ते. वेळ का लागला ते. तेवढंच विचारतेय ती.”

“तुम्हाला नोकरी नकोय का?”

“हवीये, सर. म्हणून तर तीन दिवस गप्प बसले.”

सर्जननी चष्मा पुन्हा लावला. कागदांवर पेन ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग उठले. “चला. बोलेन मी. तुम्ही नुसत्या उभ्या राहा.”

पण उभं राहून भागलं नाही. शिंपीणबाईंनी सर्जनचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना सोडून ताईंकडेच पाहिलं. “म्हणजे तुम्ही विसरलात.”

“हो.”

“त्यांना काही झालं तर?”

शिंपीणबाई तोंड फिरवून बसल्या. त्यानंतरचे चार दिवस ताई रोज सकाळी वॉर्डात जाऊन लांबूनच तापाचा तक्ता बघून येत. त्या बाई त्यांच्याकडे बघत नसत. पाचव्या दिवशी ताप उतरला. तो कशाने आला होता ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.

त्याच आठवड्यात ताईंचा कागद वरून परत आला. कायम करण्याचा विचार दोन वर्षांनी, तोवर कंत्राट पूर्वीसारखंच. कामावरून काढलं नाही, त्यात सर्जनचा हात होता असं म्हणतात. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. नवऱ्याने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “दोन वर्षं म्हणजे चुटकीसरशी जातील.” त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं होतं.

शिंपी घरी निघाला त्या दिवशी बायको वाफेच्या खोलीच्या दाराशी आली. दोन्ही हातांत पिशव्या. ताई स्टुलावरून उठल्या.

“तुमचा फार राग आला होता,” शिंपीणबाई म्हणाल्या. “अजून आहे थोडा.”

“असू दे.”

“बाकी कुणी तोंडच उघडत नव्हतं.” त्यांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. “दोन पिशव्या आहेत आणि यांना आधार द्यायचाय. एक धरता का फाटकापर्यंत?”

ताईंनी यंत्राकडे पाहिलं. ते थंड होतं. त्यांनी जड पिशवी घेतली. चार मजले उतरायचे, म्हणून बाहेर भिंतीला टेकून उभा असलेला शिंपी लिफ्टकडे वळला. त्याची बायको वळली. ताईही त्यांच्यामागून आत शिरल्या, कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि दार लागलं तसे डोळे मिटून घेतले.

“काय होतंय?” शिंप्याने विचारलं.

“काही नाही,” ताई म्हणाल्या. “पोचलो की सांगा.”