उजवीकडून उगवलेला सूर्य

फरशी ठोकून आवाज ऐकल्याशिवाय मी माल घेत नाही. ऑस्ट्रेलियात स्टुडंट व्हिसावर आलो, हॉटेलात भांडी घासली, आज मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात स्वतःचा टाइल्सचा धंदा आहे. भुतंखेतं, अदृश्य शक्ती असलं कोणी सुरू केलं की मी उठून जातो. तरीही हे लिहितोय... कारण मला भर हॉलमध्ये खोटारडा ठरवलं गेलं.

फोटोग्राफी हा माझा हौशी नाद. फेब्रुवारीत मी आणि बायको सुनीता नॉर्वेच्या पार उत्तरेला, आर्क्टिकमध्ये गेलो होतो. तिथे त्या दिवसांत सूर्य डोंगरामागून जेमतेम डोकं काढतो, आडवा सरकतो आणि बुडतो. बर्फ आधी निळा, मग गुलाबी, मग पिवळा — तो बदलता उजेड मला हवा होता. सकाळी साडेदहाला दक्षिणेकडे तोंड करून ट्रायपॉड लावला. दर दोन मिनिटांनी एक, असे एकसष्ट फोटो. समोर लाल लाकडी केबिन, दारावर १७ आकडा.

ही मालिका इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या फोटो स्पर्धेत दिली. परीक्षक जयंत, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ग्लेन वेव्हर्लीचा, माझा जुना मित्र. माइकवरून म्हणाला, "मिल्या, तिथे सूर्य डावीकडून उजवीकडे जातो रे! तू उलटा पळवलास. फोटो मागून पुढे लावलेस, की कॉम्प्युटरवर बनवलेस?"

अख्खा हॉल हसला. मालिका बाद.

मला आधी कसं कळलं नाही? सोळा वर्षं मेलबर्नमध्ये आहे. इथे सूर्य उत्तरेच्या आकाशात, उजवीकडून डावीकडेच जातो. डोळ्याला तेच सवयीचं, म्हणून खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मूळ मेमरी कार्ड आणि सुनीताला घेऊन जयंतच्या घरी धडकलो.

"चहा नको. आधी बघ, मग माफी माग. लेखी."

"लेखी? कोटेशन आहे का हे?" तो हसला.

मी एकेक फोटो उघडला. पहिल्यात बर्फ कोरा. अकराव्यात सुनीता केबिनकडे निघालेली. पुढच्या प्रत्येक फोटोत तिच्या पावलांचे ठसे.

"क्रम उलटा असता तर ठसे पहिल्याच फोटोत नसते का? आणि आरशासारखे फिरवले असते तर १७ सरळ दिसला असता?"

जयंत खूप वेळ फोटो मोठे करकरून बघत राहिला. मग म्हणाला, "नाही रे... काही फेरफार नाही. चुकलो मी. आत्ता मंडळाच्या ग्रुपवर लिहितो."

जिंकलो होतो! तेवढ्यात सुनीताने तिचा फोन टेबलावर ठेवला. चेहरा उतरलेला.

"चालताना मी व्हिडिओ घेतला होता. बघ ना..."

तीच केबिन, तोच १७, तेच डोंगर. सूर्य नुकताच वर आलेला — डावीकडे. तिची लांब सावली बर्फावर उजवीकडे पडलेली.

मी अकरावा फोटो पुन्हा उघडला. तीच सुनीता, हातात तोच फोन, तेच मिनिट. सूर्य उजवीकडे. सावली डावीकडे.

फोन स्क्रीनशेजारी धरून मी दोन्ही पुन्हा पाहिले.

"मिल्या," जयंत हळूच म्हणाला, "ग्रुपवर काय लिहू?"

काय लिहिणार होता? मिलिंद खरं बोलतोय आणि सूर्य पश्चिमेकडून उगवला?

"काही लिहू नकोस," मी म्हणालो. माझ्या हक्काचं मी आजवर कोणाला सोडलेलं नाही. ती माफी सोडून आलो.

दोन जाणकारांना फाइल्स दाखवल्या. दोघंही म्हणाले — फोटो खरे, व्हिडिओही खरा. त्याच कॅमेऱ्याने त्याआधी आणि नंतर काढलेल्या शेकडो फोटोंत सूर्य जागच्या जागी आहे. लोक अजूनही मला चिडवतात, आणि मी, जो एका शब्दावरून भांडतो, गप्प बसतो.

मी स्वतः तिथे दोन तास उभा होतो. त्या सकाळचं पहिलं ऊन माझ्या कोणत्या गालावर पडलं होतं, हे डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करतो... मला दोन्ही गालांवर आठवतं.