पूल आला की

कांचघर मोहल्ल्यात राहणारे ते गृहस्थ रोज माझ्याच बसला असायचे. नर्मदेचा पूल आला की सगळी बस खिडकीकडे वळून हात जोडायची. हे मात्र मिळालेली जागा सोडून दाराचा दांडा धरून उभे राहायचे आणि पूल संपला की परत येऊन बसायचे.

"काहून उठता जी?"

"पाय आखडतात, सर."

मला असल्या उत्तरांचा राग येतो. त्यात एकदा कंडक्टर म्हणाला, "ये तो पुल की जाँच वाले बाबूजी हैं." मग मी सरळच विचारलं, "हा पूल इतका हलते काहून?"

"ट्रकमुळे. पूल एकदम फर्स्ट क्लास आहे. रिपोर्ट मीच लिहून राहिलो ना."

एकदा त्यांची म्हातारी आई सोबत होती, गुडघ्यांनी अधू. पूल दिसताच त्यांनी तिला झोपेतून उठवलं आणि काखेत हात घालून दारापर्यंत नेलं. ती कण्हत होती.

"आईचेही पाय आखडले?" मी विचारलं. त्यांनी आईचा हात दाराच्या दांड्यावर नीट ठेवला.

दुसऱ्या दिवशी पूल आला, ते उठले. मी पिशवी उचलली आणि त्यांच्यामागे दारात गेलो. काही न विचारता त्यांनी सरकून मला जागा दिली.